फ्रीबीएसडी १४ वर एक्सएफसीई डेस्कटॉप: आधी हाताने, मग कायमचा

फ्रीबीएसडी ही युनिक्स वळणाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ती बसवून झाली, यूएसबी काढली, संगणक परत सुरू केला, आणि समोर काळ्या पडद्यावर ‘लॉगिन:’ एवढीच अक्षरे. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सची सवय असलेल्याला वाटते की काहीतरी बसायचे राहिले. काहीच राहिलेले नसते. फ्रीबीएसडीची मूळ प्रणाली म्हणजे कर्नल, शेल, नेटवर्क, फाइल सिस्टिम आणि रोजची अवजारे. खिडक्या, माऊस, मेनू हे सगळे बाहेरून पॅकेज म्हणून आणायचे असते. सर्व्हर चालवणाऱ्याला ते नकोच असते, म्हणून ते कुणाच्या गळ्यात बांधलेले नाही.

हे काम चार थरांचे आहे. सगळ्यात खाली कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर, त्याच्यावर एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या उमटवणारा आणि माऊस-कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम), त्याच्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप आणि शेवटी लॉगिनची खिडकी. बहुतेकांची फसगत होते ती चारही थर एका दमात बसवून, सगळ्यांना सुरुवातीलाच चालू व्हायला सांगून रीबूट केल्यामुळे. मग पडदा काळा राहिला तर अडले कुठे हे सांगायला कुणी नसते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: प्रत्येक थर आधी हाताने चालवून पाहायचा, चालला तरच तो कायमचा लिहायचा.

एक्सएफसीई निवडण्याची कारणे साधी आहेत. १९९६ मध्ये ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केलेला हा डेस्कटॉप हलका आहे, जुन्या लॅपटॉपवरही रांगत नाही, आणि लिनक्समधल्या सिस्टिमडीवर (तिथे सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा भाग) त्याची भिस्त नाही, त्यामुळे बीएसडीवर तो फारशी कुरबूर करत नाही. प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप हवा असेल तरी पहिले दोन थर अगदी हेच राहतात.

कमांड कशा वाचायच्या

इथे सगळ्या कमांड देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमन लिपीत करायच्या. जिथे सुटी अक्षरे ऐकू येतात तिथे ती अक्षरे: ‘पीकेजी’ (पॅकेजेस बसवणारी कमांड) म्हणजे पी, के, जी. जिथे पूर्ण इंग्रजी शब्द आहे तिथे त्याचे नेहमीचे स्पेलिंग. ‘सिसआरसी’ म्हणजे एस, वाय, एस, आर, सी. वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे छोट्या लिपीतली. आडवी रेघ, खालची रेघ, टिंब, तिरकी रेघ, बरोबरचे चिन्ह जसेच्या तसे, आकडे इंग्रजी. ‘वापरकर्ता’ लिहिले आहे तिथे तुमचे लॉगिन नाव. जिथे वेगळी सूचना नाही तिथे रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून लॉगिन केलेले असावे.

सुरुवातीची तयारी

चार जीबी मेमरी असेल तर निर्धास्त राहा. दोन जीबीवरही एक्सएफसीई चालतो, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की श्वास लागतो. डिस्कवर वीस जीबी मोकळी हवी. नेमके किती डाउनलोड होणार हा आकडा पीकेजी प्रत्येक वेळी ‘वाय’ विचारण्याआधी दाखवते. मोबाइल डेटावर असाल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्रीबीएसडी अजून बसवायचेच असेल तर दोन गोष्टी तिथेच करून ठेवा. डिस्कच्या प्रश्नाला झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा, कारण पुढे त्याचा मोठा आधार मिळतो. आणि नवा वापरकर्ता जोडताना ‘इतर गटांत घ्यायचे का’ असा प्रश्न येतो, तिथे एंटर दाबून पुढे न जाता तीन शब्द लिहा:

व्हील व्हिडिओ ऑपरेटर

व्हीलमुळे रूट होता येते, व्हिडिओमुळे ग्राफिक्स कार्डाला हात लावता येतो, ऑपरेटरमुळे संगणक बंद करता येतो. हा प्रश्न चुकून रिकामा सोडला तर नंतर अशी भरपाई करा:

पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम वापरकर्ता
पीडब्ल्यू ग्रुपमॉड ऑपरेटर -एम वापरकर्ता
पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हील -एम वापरकर्ता

गट बदलल्यावर त्या वापरकर्त्याने एकदा लॉगआउट होऊन परत आत यायला हवे. चालू सत्रात नवा गट लागू होत नाही, आणि ‘सगळे केले तरी चालत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते. ‘आयडी वापरकर्ता’ ही कमांड गटांची यादी दाखवते.

इंटरनेटसाठी केबल उत्तम. वायफाय ओळखले जात नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि

केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस
डीएचक्लायंट यूई०

बहुतेक फोनवर एवढ्यात काम भागते. वायफायचे दुखणे डेस्कटॉप बसल्यावर निवांत पाहता येते, आत्ता त्यात अडकू नका.

आता मूळ प्रणाली ताजी करून घ्या:

फ्रीबीएसडी-अपडेट फेच
फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल
रीबूट

परत आल्यावर ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ चालवा. तीन ओळी येतात: डिस्कवरचा कर्नल, चालू असलेला कर्नल, आणि बाकीची प्रणाली. पहिल्या दोन ओळी वेगळ्या दिसल्या तर रीबूट राहिले आहे. तसेच पुढे गेलात तर ग्राफिक्स ड्रायव्हर हमखास अडतो.

यानंतर ‘पीकेजी अपडेट’. पहिल्यांदा चालवताना पीकेजी स्वतःच बसलेले नसते, ते विचारून बसते.

झेडएफएस असेल तर इथे एक मिनिट थांबून परतीची वाट बांधून ठेवा:

बीईसीटीएल क्रिएट साधा

‘साधा’ हे आपण दिलेले नाव, रोमनमध्ये काहीही लिहा. यामुळे आत्ताच्या स्वच्छ प्रणालीची एक प्रत राखली जाते. तिला सुरुवातीला जागा जवळजवळ लागत नाही. पुढे कितीही घोळ झाला तरी सुरुवातीच्या मेनूतल्या ‘बूट एन्व्हायर्नमेंट्स’मध्ये जाऊन ही प्रत निवडली की पॅकेजेससकट सगळे आजच्या स्थितीत. होम फोल्डर यात धरलेला नसतो, त्यामुळे तुमच्या फाइली जशाच्या तशा राहतात.

पहिला थर: ग्राफिक्स ड्रायव्हर

सगळा जीव इथे आहे. आधी कार्ड कोणते ते पाहा:

पीसीआयकॉन्फ -एलव्ही | ग्रेप -ए४ व्हीजीएपीसीआय

इथला ‘ए’ मोठा. उत्तरात कंपनी आणि कार्डाचे नाव येते. लॅपटॉपमध्ये दोन नोंदी दिसू शकतात, एक इंटेलची आणि एक एनव्हिडियाची. तसे असेल तर आधी इंटेलवरच डेस्कटॉप चालवा. दोन्ही एकदम जमवायला जाणे म्हणजे हौसेने डोकेदुखी घेणे.

इंटेल आणि एएमडीसाठी पॅकेज एकच:

पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड

‘केमॉड’ म्हणजे के, एम, ओ, डी. हे पॅकेज लिनक्सच्या कर्नलमधले ग्राफिक्स ड्रायव्हर फ्रीबीएसडीला जुळवून आणते. कार्डाला लागणारे फर्मवेअर (कार्डात चढवायचे छोटे सॉफ्टवेअर) सोबत आलेच पाहिजे. ते राहिले आहे अशी शंका आली तर १४ पासून आलेली ‘एफडब्ल्यूगेट’ ही कमांड चालवा, ती हार्डवेअर पाहून नेमके हवे ते फर्मवेअर बसवते.

आता मॉड्यूलचे, म्हणजे कर्नलमध्ये चढवायच्या ड्रायव्हरचे, नाव. इंटेलसाठी ‘आय९१५केएमएस’. एएमडीच्या नव्या कार्डांसाठी ‘एएमडीजीपीयू’, आणि एचडी ७००० च्या आधीच्या जुन्या रेडिऑनसाठी ‘रेडिऑनकेएमएस’. हे नाव लगेच कुठल्याही फाइलमध्ये लिहायचे नाही. आधी ‘सिंक’ एवढी कमांड देऊन डिस्कवरचे लिखाण पूर्ण करा आणि मग हाताने:

केएलडीलोड आय९१५केएमएस

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि अक्षरे एकदम बारीक, रेखीव दिसू लागतात. म्हणजे ड्रायव्हरने पडद्याचा खरा आकार ओळखला. पडदा काळाच राहिला तर पॉवरचे बटण दाबून धरा आणि संगणक परत सुरू करा. कायमचे काहीच लिहिलेले नसल्यामुळे तो पहिल्यासारखा साध्या पडद्यावर येतो. हाताने चालवून पाहण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

अक्षरे बारीक झाली असतील तरच:

सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस

यामुळे /ईटीसी/आरसी.कॉन्फ या फाइलमध्ये नोंद होते आणि पुढच्या वेळेपासून ड्रायव्हर आपोआप चढतो. काही जुन्या लेखांत हे नाव /बूट/लोडर.कॉन्फमध्ये लिहायला सांगितलेले असते. तसे करू नका. लोडर कर्नलच्याही आधी चालतो, आणि हे ड्रायव्हर त्या वेळी चढवायला बनवलेलेच नाहीत, संगणक तिथेच गोठू शकतो.

एनव्हिडियाचा रस्ता वेगळा आहे. पॅकेज ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’, मॉड्यूल ‘एनव्हिडिया-मोडसेट’. कार्ड जुने असेल तर शेवटी ४७० किंवा ३९० असा आकडा असलेले पॅकेज लागते. आपले कार्ड कोणत्या मालिकेत बसते ते एनव्हिडियाच्या यादीत आधी पाहून घ्या, नाहीतर ड्रायव्हर चढतो पण कार्डाला ओळखत नाही. शिवाय एक्स सर्व्हरला हे कार्ड सांगावे लागते. त्यासाठी /यूएसआर/लोकल/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी/ या फोल्डरमध्ये, यातला एक्स११ चा एक्स मोठा, ‘ड्रायव्हर-एनव्हिडिया.कॉन्फ’ नावाची चार ओळींची फाइल करा:

सेक्शन "डिव्हाइस"
आयडेंटिफायर "कार्ड०"
ड्रायव्हर "एनव्हिडिया"
एंडसेक्शन

अवतरण चिन्हे सरळ टाइप करा. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वाकडी चिन्हे एक्स सर्व्हर मानत नाही.

आवृत्ती जुळत नाही तेव्हा

केएलडीलोड चालवल्यावर ‘डिपेंड्स ऑन कर्नल - नॉट अव्हेलेबल ऑर व्हर्जन मिसमॅच’ अशी ओळ आली तर कार्डात दोष नाही. एका मालिकेची पॅकेजेस त्या मालिकेतल्या सगळ्यात जुन्या, पण अजून आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर बांधली जातात. साध्या प्रोग्रामना त्याने फरक पडत नाही, कर्नल मॉड्यूलला पडतो. नवी उपआवृत्ती आल्यावर जुनीचा आधार आणखी तीन महिने चालू राहतो, आणि तेवढा काळ नव्या कर्नलवर जुना ड्रायव्हर अशी विजोड जोडी होऊ शकते.

डिसेंबर २०२४ मधल्या १४.२ पासून यावर तोडगा आहे. कर्नल मॉड्यूलसाठी ‘फ्रीबीएसडी-केमॉड्स’ हे वेगळे भांडार ठेवले गेले आणि त्यातली पॅकेजेस प्रत्येक उपआवृत्तीसाठी स्वतंत्र बांधली जातात. ‘पीकेजी -व्हीव्ही’ चालवून शेवटी भांडारांच्या यादीत हे नाव दिसते का पाहा. जुन्या आवृत्तीवरून चढत आलेल्या संगणकावर /ईटीसी/पीकेजी/ मधली फाइल जुनीच राहून गेलेली असू शकते. भांडार दिसत असेल तर ‘पीकेजी इन्फो | ग्रेप केमॉड’ ने बसलेल्या ड्रायव्हरचे नेमके नाव काढा आणि ‘पीकेजी अपग्रेड -एफ’ च्या पुढे ते नाव देऊन तेवढेच पॅकेज जबरदस्तीने परत बसवा.

त्यानेही भागले नाही तर पोर्ट्समधून (प्रोग्राम सोर्सपासून बांधण्याचा फ्रीबीएसडीचा संग्रह) स्वतः बांधणे उरते. त्यासाठी /यूएसआर/एसआरसी मध्ये चालू कर्नलचाच सोर्स हवा, मग पोर्ट्सच्या ग्राफिक्स विभागातल्या त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘मेक इन्स्टॉल क्लीन’. सोर्स दुसऱ्या आवृत्तीचा असला तर तासभर वाट पाहून तीच ओळ परत वाचायला मिळते.

ड्रायव्हर कशानेही चालत नसेल तर

अगदी नवे किंवा विचित्र कार्ड असेल तर कामचलाऊ उपाय आहे. संगणक यूईएफआयने (नव्या संगणकांची सुरुवात करणारी व्यवस्था) सुरू होत असेल तर ‘एक्सएफ८६-व्हिडिओ-एससीएफबी’, जुन्या बायोसने सुरू होत असेल तर ‘एक्सएफ८६-व्हिडिओ-व्हेसा’ हे पॅकेज बसवा आणि वरच्यासारखी चार ओळींची फाइल करून ड्रायव्हरच्या जागी ‘एससीएफबी’ किंवा ‘व्हेसा’ लिहा. यूईएफआयवर व्हेसा चालत नाही. एससीएफबीमध्ये सुरुवातीला जो आकार मिळाला तोच राहतो आणि चित्रांचे सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. पत्रव्यवहार, कोड, वाचन जमते, व्हिडिओ अडखळतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) शिकत असाल तर डीआरएम-केमॉडची गरज नाही. तिथे ‘व्हर्च्युअलबॉक्स-ओएसई-अ‍ॅडिशन्स’ बसवून ‘व्हीबॉक्सगेस्ट_एनेबल’ आणि ‘व्हीबॉक्ससर्व्हिस_एनेबल’ हे दोन्ही सिसआरसीने ‘येस’ करा. ‘व्हीबॉक्स’ म्हणजे व्ही या अक्षराला जोडून बॉक्स.

दुसरा थर: एक्स सर्व्हर

पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग

‘एक्सऑर्ग-मिनिमल’ नावाचेही पॅकेज आहे. ते जागा वाचवते, पण चाचणीला लागणारे एक्सटर्म, टीडब्ल्यूएम यांसारखे प्रोग्राम त्यात नाहीत, म्हणून पहिल्या वेळी पूर्ण पॅकेजच घ्या.

आता रूटमधून बाहेर या, साध्या वापरकर्त्याने लॉगिन करा आणि चालवा:

स्टार्टएक्स

रूट असताना स्टार्टएक्स चालवू नका. ‘सू’ करून रूट झालेल्या शेलमधून तर नाहीच. त्यातून होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची फाइल तयार होते आणि ती पुढे लॉगिनच्या पायरीवर छळते.

पडद्यावर तीन साध्या टर्मिनल खिडक्या आणि एक घड्याळ दिसेल. १९८७ मधल्या एक्स११ च्या काळाची आठवण करून देणारे हे दृश्य अगदी योग्य आहे, याला डेस्कटॉप समजून निराश होऊ नका. माऊस हलतो का, कीबोर्ड उमटतो का एवढे पाहा. बाहेर पडायला ‘लॉगिन’ असे नाव असलेल्या खिडकीत ‘एक्झिट’ लिहा. कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस एकत्र दाबून एक्स बंद करण्याची जुनी सोय आता मुळात बंद असते. अडकलात तर कंट्रोल-आल्ट-एफ१ ने मजकुराच्या पडद्यावर या. परत चित्राकडे जायला आल्ट-एफ९.

एक्स सुरूच झाला नाही तर अंदाज बांधत बसू नका, नोंदवही वाचा:

ग्रेप ईई /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग

इथे दोन्ही ई मोठे आणि फाइलच्या नावातला एक्सही मोठा. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ आले तर पहिल्या थरात कमी आहे. चढलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या ‘केएलडीस्टॅट’ मध्ये ड्रायव्हरचे नाव आहे का पाहा. नाव आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’ अशी तक्रार आहे, तर व्हिडिओ गट राहिला.

इंटरनेटवरचे दोन जुने सल्ले इथे आडवे येतात. एक म्हणजे ‘एक्सऑर्ग -कॉन्फिगर’ चालवून मोठी फाइल तयार करणे. आजचा एक्स सर्व्हर बहुतेक सगळे स्वतः ओळखतो, आणि त्या फाइलमधला चुकीचा तपशील त्याची ओळख बिघडवतो. लागलीच तर वरच्यासारखी चार ओळींची फाइल पुरते. दुसरा सल्ला ‘एचएएलडी_एनेबल’ चालू करण्याचा. तो प्रकार कधीच मागे पडला. असा सल्ला देणारा लेख दिसला की तो किती जुना आहे ते ओळखा आणि बाकीचा मजकूरही सांभाळून घ्या.

तिसरा थर: एक्सएफसीई

पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई एक्सएफसीई४-गुडीज
सिसआरसी डीबस_एनेबल=येस
सर्व्हिस डीबस स्टार्ट

‘डीबस’ म्हणजे डी अक्षराला जोडून बस, आणि ‘येस’ मोठ्या अक्षरांत. डेस्कटॉपचे निरनिराळे भाग एकमेकांशी या डीबसमधून बोलतात. तो बंद असेल तर डेस्कटॉप अर्धवट उघडतो, सेटिंग जतन होत नाहीत किंवा खिडक्या उघडायला विचित्र वेळ लागतो. लक्षणे दहा, कारण हे एक.

मग साध्या वापरकर्त्याने, स्वतःच्या होम फोल्डरमध्ये:

एको "एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४" > ~/.एक्सइनिटआरसी
स्टार्टएक्स

एक्झेक म्हणजे ई, एक्स, ई, सी. फाइलच्या नावाआधीचे टिंब विसरू नका. या वेळी खरा डेस्कटॉप दिसायला हवा. काळ्या पडद्यावर नुसता बाण फिरत असेल तर बाहेर येऊन त्या फाइलमधले स्पेलिंग पाहा, शंभरात नव्वद वेळा चूक तिथेच असते.

डेस्कटॉप दिसतो पण खिडकी ओढताना मागे रेघा उमटतात, प्रोसेसर तापतो? ‘मेसा-डेमोज’ बसवा आणि डेस्कटॉपमधल्याच टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा, बी मोठा. उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ हा शब्द दिसला तर कार्ड झोपले आहे आणि प्रोसेसर चित्रे काढतो आहे. परत पहिला थर, परत व्हिडिओ गट.

चौथा थर: लॉगिनची खिडकी

हा थर ऐच्छिक आहे. रोज लॉगिन करून स्टार्टएक्स लिहायला हरकत नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल, आणि बिघाड शोधायला तेच सोपे जाते. घरातल्या इतरांनाही संगणक वापरायचा असेल तर मात्र खिडकी हवी:

पीकेजी इन्स्टॉल लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर
सिसआरसी लाइटडीएम_एनेबल=येस
सर्व्हिस लाइटडीएम स्टार्ट

ग्रीटरचे पॅकेज विसरले तर लाइटडीएमकडे दाखवायला चेहराच नसतो आणि तो लगेच बंद पडतो. काटेकोरपणे वागायचे तर सिसआरसीच्या ओळीआधी ‘सर्व्हिस लाइटडीएम वनस्टार्ट’ ने एकदा चालवून पाहा. ‘वनस्टार्ट’ म्हणजे नोंद न करता फक्त या वेळेपुरते सुरू.

पासवर्ड बरोबर देऊनही परत लॉगिनच्याच खिडकीवर आणून सोडले जात असेल तर साधारण तीन कारणे असतात. होम फोल्डरमधली .एक्सऑथॉरिटी (एक्स मोठा) ही फाइल रूटच्या मालकीची झालेली असते, ‘एलएस -एलए’ ने मालक पाहा आणि ती सरळ पुसा, नवी तयार होते. डिस्क भरलेली असते, ‘डीएफ -एच’ ने कळते. किंवा सत्राच्या यादीत एक्सएफसीई निवडलेले नसते. लाइटडीएमच्या नोंदी /व्हार/लॉग/लाइटडीएम/ मध्ये सापडतात.

मराठी दिसणे आणि लिहिणे

नव्या डेस्कटॉपवर मराठी संकेतस्थळ उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, कारण देवनागरी फॉन्टच नसतो. ‘पीकेजी इन्स्टॉल नोटो’ ने गूगलचा नोटो संच येतो. तो मोठा आहे, जगातल्या बहुतेक लिप्या त्यात आहेत, डाउनलोडचा आकडा पाहून होकार द्या. बसल्यावर ‘एफसी-कॅश -एफ’, आणि खात्री करायला

एफसी-लिस्ट :लँग=एमआर

हिच्या उत्तरात मराठी लिहिता येणाऱ्या फॉन्टची यादी येते. ती रिकामी असेल तर चौकोन राहणारच. ब्राउझर आधीपासून उघडा असेल तर बंद करून परत उघडा.

लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट येत असेल तर वेगळे काहीच बसवायला नको, एक्सबरोबर मांडणी आलेलीच असते:

सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -व्हेरियंट ,मराठी -ऑप्शन जीआरपी:आल्ट_शिफ्ट_टॉगल

‘इन’ म्हणजे आय आणि एन, भारताचे संक्षिप्त नाव. स्वल्पविरामाआधी काही नाही हे मुद्दाम आहे, कारण इंग्रजी मांडणीला प्रकार द्यायचा नाही. आता आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. ही कमांड त्या सत्रापुरती. कायमसाठी एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउटचा टॅब, ‘सिस्टिम डिफॉल्ट वापरा’ची खूण काढून इंडियन गटातली मराठी जोडा. ‘एन’च्या कळीवर ल आणि शिफ्टबरोबर ळ. दुसऱ्यांदा वाचताना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक पडायला हवा असेल तर शिफ्ट-जे ने ऱ, मग डी च्या कळीने हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीने य.

रोमन उच्चाराने लिहिण्याची सवय असेल तर ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ ही पॅकेजेस घ्या. त्यात मराठीसाठी फोनेटिकसकट एकाहून अधिक पद्धती मिळतात. मजकुराच्या काळ्या पडद्यावर मात्र देवनागरीची अपेक्षा धरू नका. तो एकेक अक्षर सुटे छापतो, जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवणे त्याच्या आवाक्यात नाही. देवनागरी नावाच्या फाइली तिथे विस्कटलेल्या दिसल्या तरी डिस्कवर त्या नीट असतात.

आवाज आणि बंद करण्याचे बटण

आवाज येत नसेल तर ड्रायव्हर शोधायला धावू नका. ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’ ने यादी पाहा. बऱ्याचदा पहिला क्रमांक एचडीएमआयला गेलेला असतो आणि आवाज बिनस्पीकरच्या मॉनिटरकडे जात असतो. यादीत स्पीकरचा जो क्रमांक आहे, समजा १, तो असा द्या:

सिसकंट्रोल एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट=१

‘सिसकंट्रोल’ म्हणजे एस, वाय, एस, सी, टी, एल. आवाज आला तरच ‘एचडब्ल्यू’पासूनची ओळ /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये लिहा. नियम तोच.

मेनूतले बंद करण्याचे बटण फिके पडलेले असेल तर ऑपरेटर गटातला वापरकर्ता टर्मिनलमधून ‘शटडाउन -पी नाऊ’ देऊ शकतो. त्याचे चिन्ह पट्टीवर करून ठेवले की बटणाची उणीव जाणवत नाही.

रीबूटनंतर काळा पडदा आला तर

नियम पाळला असेल तर ही वेळ क्वचितच येते, पण अपडेटनंतर येऊ शकते. सुरुवातीच्या मेनूत २ दाबून एकट्या वापरकर्त्याचा प्रकार निवडा. शेलचे नाव विचारले की नुसते एंटर. मग:

माउंट -यू /
झेडएफएस माउंट -ए
सिसआरसी केएलडी_लिस्ट-=आय९१५केएमएस
सिसआरसी लाइटडीएम_एनेबल=नो
रीबूट

‘नो’ मोठ्या अक्षरांत. झेडएफएसऐवजी यूएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर दुसऱ्या ओळीऐवजी ‘माउंट -ए’, आणि संगणक जबरदस्तीने बंद केलेला असेल तर सगळ्यांच्या आधी ‘एफएससीके -वाय’. संगणक साध्या पडद्यावर येईल. तिथून पहिल्या थरापासून हाताने चाचणी.

पुढच्या उपआवृत्तीवर जाताना हाच क्रम आधीच वापरा. नवी ‘बीईसीटीएल क्रिएट’ प्रत, केएलडी_लिस्टमधून ड्रायव्हर काढणे, मग ‘फ्रीबीएसडी-अपडेट अपग्रेड -आर’ आणि आवृत्तीचे नाव, इन्स्टॉल, रीबूट, परत इन्स्टॉल. त्यानंतर ‘पीकेजी अपग्रेड’, ड्रायव्हरचे पॅकेज ‘-एफ’ देऊन पुन्हा, केएलडीलोड हाताने, आणि अक्षरे बारीक झाली की मगच नोंद परत.